खासगी ४७ : अकोट्यातल्या एका घरगुती मीडिया सर्व्हरचं प्रकरण

काकांनी कॅसेटींवर नावं कधी लिहिलीच नाहीत. आकडे लिहिले. ‘खासगी १’ पासून ‘खासगी १३२’ पर्यंत, आणि कुठल्या आकड्यात काय आहे ते एका लांबट हिशेबाच्या वहीत. कॅसेटी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, वही खालच्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि अकोट्यातल्या त्यांच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी आलं, तेव्हा कॅसेटी वाचल्या, वही गेली. खालच्या कप्प्यातल्या नऊ व्हिडिओ कॅसेटीही भिजल्या.

मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळतो. दांडिया बाजारातल्या वाड्यात काका आमचे शेजारी होते, त्यामुळे वाचलेल्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घरच्यांना बघता-ऐकता येतील असं करायचं काम माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो आणि परत येताना कॅसेटींचं एक खोकं बरोबर होतं.

अटी तिघांच्या तीन. काकू म्हणाल्या, “मला टीव्हीवर दिसायला पाहिजे. कॉम्प्युटरसमोर बसून मी काही बघणार नाही, आधीच सांगते.” काका म्हणाले, “घरातलं आहे ते घरातच राहू दे. त्या क्लाउडवर बिउडवर काही टाकायचं नाही.” आणि पुण्याची ताई, काकांची मुलगी, फोनवर म्हणाली, “मलाही इथून बघता आलं पाहिजे हं.” दुसरी आणि तिसरी अट एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं पहिल्यांदा वाटतं. पुढे त्यातून वाट निघाली.

सामान काय होतं ते सांगतो. ऑडिओ कॅसेटी १३२, काही ६० मिनिटांच्या, काही ९० च्या, मिळून साधारण १७० तास. बहुतेक देवळांतली नारदीय कीर्तनं, गणेशोत्सवातले कार्यक्रम, घरातली मंगळागौर, काकूंच्या सासूबाईंच्या ओव्या. व्हिडिओ कॅसेटी २३ : मुंजी, लग्नं, बारशी. फोटोग्राफरने दिलेल्या लग्नांच्या डीव्हीडी १४. शिवाय ताईच्या फोनमधले नातवंडांचे व्हिडिओ, ते रोज वाढतच असतात.

घरातल्या एका कॉम्प्युटरवरचं सगळं टीव्हीवर दाखवायचं तर मीडिया सर्व्हर नावाचं सॉफ्टवेअर लागतं. ते निवडण्यावर मी फार वेळ घालवला नाही. कोडी चांगलं आहे, पण मुळात ते प्लेअर आहे, प्रत्येक टीव्हीपाशी स्वतंत्र बसवायला लागतं. प्लेक्स लोकप्रिय आहे, पण मुक्त नाही, म्हणजे त्याचा स्रोत सगळ्यांना खुला नाही, आणि आपल्याच घरातल्या डिस्कवरचं बघायला एका कंपनीचं खातं उघडायचं हे काकांना पटवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. जेलीफिन पूर्ण मुक्त स्रोत. एम्बी नावाच्या प्रकल्पाने आपला स्रोत बंद केला, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये काही लोकांनी त्याच्या ३.५.२ या आवृत्तीवरून ही फांदी काढली. खातं लागत नाही, पैसे लागत नाहीत, बाहेर कुणाला काही कळवत नाही. झालं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी, कारखान्याच्या भंगारातून रीतसर पावती करून घेतलेल्या चौथ्या पिढीच्या आय५ पीसीवर डेबियन १२ हे लिनक्स टाकलं, त्यावर जेलीफिन, आणि चहाच्या वेळेपर्यंत काकूंच्या टीव्हीवर नातवाचा वाढदिवस चालू होता. मला वाटलं, काम संपलं.

कामाला सुरुवात त्या दिवशी झाली.

फिती

कॅसेट जितक्या मिनिटांची, तितकीच मिनिटं ती उतरवायला लागतात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी कुणी हिशेब करत नाही. १७० तास म्हणजे रोज दोन तास बसलं तर ८५ दिवस. काकांचा जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेतला. त्यातल्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. मूळ रेकॉर्डिंग ज्या कोनात झालं असेल त्याच्याशी हा कोन जुळला नाही तर आवाज रजईतून आल्यासारखा येतो. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला झांजांचा आवाज ऐकत तो स्क्रू केसभर फिरवायचा. झांज लखलखली की थांबायचं. हे एवढं एक केलं तरी पुढे सॉफ्टवेअरने आवाज ‘सुधारण्याची’ गरज राहत नाही, आणि सुधारलेले आवाज मला तसेही आवडत नाहीत.

ऑडॅसिटी या आवाज नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. तासाला ५१८ एमबी होतात, आवाजातलं काही न गाळता गुंडाळणाऱ्या फ्लॅकमध्ये त्याहून बरेच कमी. एमपीथ्री मूळ प्रत म्हणून कधीच ठेवू नये. ती लागेल तेव्हा फ्लॅकपासून करता येते, उलटं होत नाही.

भिजलेल्या नऊ व्हिडिओ कॅसेटींपैकी चारच वाचल्या. कवच उघडून फीत थंड स्वच्छ पाण्यातून काढली, पंख्याखाली, उन्हापासून लांब, सावकाश वाळवली, आणि दुसऱ्या कोऱ्या कॅसेटच्या कवचात भरली. काकूंनी पहिल्याच दिवशी दोन कॅसेटी गच्चीवर उन्हात ठेवल्या होत्या. त्या फिती ताणल्या गेल्या होत्या. त्याबद्दल मी काही बोललो नाही. बाकीच्या पाचांपैकी तीन बुरशीने गेल्या असं मी घरात सांगितलं आहे, आणि इथेही तसंच राहू दे.

नावं

वही नाही, म्हणजे फाईलला नाव काय द्यायचं? ‘खासगी १८’ असं नाव टीव्हीवर दिसलं तर काकू ती कधीच लावणार नाहीत. तेव्हा असं ठरलं की कॅसेट उतरत असताना काकूंनी समोर बसायचं. दुपारी तीन ते पाच. मी कामावर, म्हणून उतरवायचं बटण दाबायला शेजारचा कॉलेजचा मुलगा. त्याला चहा आणि लीलो चेवडो. काकू ऐकायच्या आणि तो लिहायचा.

काकूंची ओळखण्याची पद्धत बघायला मी दोनदा सुट्टी काढली. कीर्तनकार कोण ते त्या नमनातच सांगायच्या. “हे बुवा ‘जय जय’ म्हणण्याआधी खाकरतात.” जागा कुठली ते घुमण्यावरून : लाकडी सभामंडप असेल तर एक, दगडी असेल तर दुसरी. साल कसं कळणार? मागे रडणाऱ्या बाळावरून. “हा आमचा धाकटा. सहा महिन्यांचा. म्हणजे ८३ चा श्रावण.”

कीर्तनांचं एक बरं होतं. काकांनी ‘अ’ बाजूला पूर्वरंग आणि ‘ब’ बाजूला उत्तररंग असा शिरस्ता ठेवला होता, त्यामुळे एक कीर्तन म्हणजे एक अल्बम, दोन ट्रॅक, अशी मांडणी आपोआप झाली. पूर्वरंग लांबला त्या बुवांची मात्र पंचाईत. आख्यान लावायच्या ऐन वेळी कॅसेट पलटण्याची खट्खट् आणि मध्ये अर्ध्या मिनिटाचं भगदाड.

खात्री नसेल तिथे नावात प्रश्नचिन्ह टाकायची त्या मुलाची सवय. विंडोज फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह घेत नाही. लिनक्सवर चालतं, पण सांबातून, म्हणजे लिनक्सवरच्या फाईली विंडोजला दाखवणाऱ्या सोयीतून, काकांच्या लॅपटॉपवर ती नावं भलतीच दिसायला लागली. तेव्हा प्रश्नचिन्हाच्या जागी ‘बहुधा’ हा शब्द आला. काकूंना तो फार आवडला. पुढे पुढे प्रत्येक तिसऱ्या फाईलला ‘बहुधा’ लागायला लागलं.

देवनागरी नावांनी आणखी दोनदा पाय ओढला. पहिलं म्हणजे लांबी. डेबियनच्या नेहमीच्या फाईल सिस्टीमवर एका नावाला २५५ बाइट मिळतात. रोमनमध्ये तेवढी अक्षरं बसतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. म्हणजे फार तर ८५ चिन्हं. ‘वन्संच्या धाकट्या जावेच्या भाचीचं डोहाळजेवण’ इथेच अर्धी जागा संपते, आणि काकूंना त्यापुढे वाडा, साल आणि जेवायला काय होतं तेही हवं होतं. ते सगळं मग नावातून काढून वेगळ्या वर्णनाच्या फाईलमध्ये नेलं.

दुसरं जास्त छळणारं. टीव्हीवर ‘वऱ्हाड’ शोधलं तर तीनच व्हिडिओ यायचे, असायला हवे होते पाच. डोळ्यांना पाचही नावांतला ‘ऱ्हा’ सारखाच दिसत होता. दोन संध्याकाळी गेल्या तेव्हा उलगडलं. मराठीतला हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या अक्षरांच्या सांकेतिक यादीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एक सबंध चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता असा जोडून. ते दोन व्हिडिओ जावईबापूंच्या जुन्या मॅकच्या डिस्कवरून आले होते, आणि मॅकची जुनी फाईल सिस्टीम अशी चिन्हं फोडूनच साठवते. माणसाला एक, यंत्राला दोन. नावांचं रूप एकसारखं करणारी एक छोटी आज्ञावली लिनक्सवर मिळते, ती सगळ्या फोल्डरांवरून फिरवली आणि वऱ्हाड पूर्ण झालं. हिंदीत हा र जवळजवळ येतच नाही, तिथे असाच त्रास नुक्त्याच्या ड़, ढ़ चा होऊ शकतो. आपल्याला तऱ्हा, सुऱ्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट आहे.

कलाकार

जेलीफिनला एखादं फोल्डर ‘चित्रपट’ म्हणून दाखवलं की ते नाव इंटरनेटवरच्या यादीशी जुळवून पोस्टर आणि माहिती आणतं. आमच्याकडे पुतणीच्या लग्नावर एका दक्षिणी चित्रपटाचं पोस्टर लागलं, हातात कोयता घेतलेला नायक. काकूंनी तो दोन दिवस तसाच ठेवायला लावला, जावई येणार होते म्हणून.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे संग्रहाचा प्रकार ‘घरगुती व्हिडिओ’ करायचा. मी तो केला नाही. प्रकार चित्रपटच ठेवला, इंटरनेटवरून माहिती आणणारे सगळे पर्याय बंद केले आणि प्रत्येक व्हिडिओशेजारी एक एनएफओ फाईल ठेवली. ही साधी मजकुराची फाईल असते. तीत नाव, साल, वर्णन आणि कलाकारांची यादी लिहिता येते. कलाकार म्हणजे इथे आत्या, मामंजी, वाड्यातले सगळे. आता टीव्हीवर एखाद्या मुंजीत आत्याच्या नावावर गेलं की आत्या ज्या ज्या व्हिडिओत आहे ते सगळे ओळीने येतात, २००९ पासून मागे मागे नऊवारीतल्या तरुण मुलीपर्यंत. हे सिनेमावाल्यांसाठी केलेलं आहे, पण कुटुंबाला इतकं चपखल बसतं की मला राहून राहून नवल वाटतं. काकूंनी पहिल्या दिवशी स्वतःचंच नाव उघडलं. १६ चित्रपट.

यादी असली तरी पडद्यावरच्या गर्दीतलं कोण कोण ते कळत नाहीच. म्हणून उपशीर्षकं. ज्या सोयीने परभाषेतले संवाद खाली येतात तिथे आम्ही लिहिलं : ‘डावीकडे पागोटं घातलेले, काकांचे मामा.’ ‘पंगतीत वाढतेय ती ताई, वय ९.’ ती टाइप केली त्याच मुलाने. टीव्हीच्या अॅपने मात्र जोडाक्षरं फोडली, वेलांट्या भलत्या अक्षरावर टाकल्या. तेव्हा सर्व्हरला सांगितलं की उपशीर्षकं चित्रावर छापूनच पाठव. मग सगळीकडे चौकोनच चौकोन. नुसत्या सर्व्हर म्हणून बसवलेल्या डेबियनवर देवनागरीचा एकही फाँट नसतो, हे माझ्या ध्यानात नव्हतं. नोटो फाँटचं पॅकेज टाकल्यावर मामा पागोट्यासकट प्रकटले.

चित्रावर छापायचं म्हणजे व्हिडिओ उलगडून, त्यावर लिहून, पुन्हा गुंडाळून पाठवायचा. नुसत्या प्रोसेसरने हे केलं की जुना पीसी धापा टाकतो. इंटेलच्या ग्राफिक्सकडे हे काम सोपवता येतं, पण जेलीफिन ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतं त्याला ‘रेंडर’ गटात घ्यायला लागतं. मी विसरलो होतो. तेवढं केलं आणि या पिढीसाठी व्हीएएपीआय हा मार्ग निवडला, मग फिती सुरळीत चालल्या. फोनचे व्हिडिओ तरी अडखळतच होते. चालू व्हिडिओ का उलगडावा लागतोय त्याचं कारण जेलीफिनच्या नियंत्रण पानावर दिसतं, तिथे उत्तर होतं : ताईच्या आयफोनने ते एचईव्हीसी या नव्या गुंडाळणीत काढलेले, आणि चौथ्या पिढीच्या चिपला ते हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही. नवा पीसी घ्यायची गरज नव्हती. रात्री एफएफएमपेग हे रूपांतराचं सॉफ्टवेअर लावून त्या व्हिडिओंच्या जुन्या एच.२६४ गुंडाळणीतल्या प्रती करून ठेवल्या.

पुणे

ताईसाठी सरळ रस्ता म्हणजे राउटरवर जेलीफिनचं दार, म्हणजे ८०९६ हे पोर्ट, बाहेर उघडणं. तो मी कुणालाच सुचवणार नाही. सुचवला असता तरी चालला नसता, कारण त्यांच्या ब्रॉडबँडवर स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ताच नाही. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ने सुरू होत होता, म्हणजे कंपनीने एका पत्त्यामागे अनेक घरं बसवलेली. बाहेरून कुणी दार ठोठावलं तर ते नेमक्या घरापर्यंत पोचतच नाही.

वायरगार्ड या खासगी जोडणीच्या तंत्रावर चालणारं टेलस्केल दोन्हीकडे बसवलं. दोन्ही यंत्रं आतून बाहेर हात काढतात आणि मध्ये एकमेकांना धरतात, वाटेतलं सगळं कुलूपबंद. यात एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी : यंत्रांवरच्या सॉफ्टवेअरचा गाभा मुक्त असला तरी त्यांची गाठ घालून देणारा सर्व्हर त्या कंपनीचा आहे. तोही आपला हवा असेल तर हेडस्केल नावाचा मुक्त पर्याय आहे, त्याला भाड्याचा एक छोटा सर्व्हर लागतो. काकांना मी दोन्ही समजावलं. त्यांनी विचारलं, “कॅसेट त्यांच्याकडे जाते का?” जात नाही म्हटलं. “मग गाठ घालेना का कोणी.”

पाणी, ऊन, वीज

पुरानंतर पीसी तळमजल्यावर ठेवायला कुणीच तयार नव्हतं. पोटमाळ्यावर ठेवला. एप्रिलच्या अखेरीस डिस्कचं तापमान ५४ अंश दाखवायला लागलं, आणि साधारण ६० ही मर्यादा सांगितलेली असते. जिन्याच्या वळणावर सात फुटांवर एक फळी ठोकली. तिथे वारा येतो, पाणी यायचं तर आधी सगळं बडोदं बुडायला लागेल.

रिकामा चालताना पीसी ३८ वॅट घेतो, महिन्याला २७ युनिट. काकांनी हा आकडा ऐकला आणि “म्हणजे अजून एक फ्रिज” म्हणाले. आता तो रात्री अकराला झोपतो आणि काका कीर्तन लावतात त्याच्या आधी, पहाटे पाचला, स्वतः उठतो.

डिस्क मात्र मी हावरटपणे घेतल्या. चार टीबीच्या दोन. सगळं उतरवून झालं तेव्हा जेमतेम २५० जीबी भरले होते.

सात एमबी

पाडव्याला, ३० मार्च २०२५ ला, टीव्हीपुढे सगळे बसले. बॅकअप रोज रात्री रेस्टिक नावाच्या सॉफ्टवेअरने दुसऱ्या डिस्कवर जात होता आणि एक प्रत ताईबरोबर पुण्याला गेली होती. मे महिन्यात मी माझ्या घरच्या पीसीवर तो बॅकअप उघडून बघितला, कारण न उघडलेला बॅकअप म्हणजे काय ते मी कारखान्यात एकदा भोगलेलं आहे.

फिती सगळ्या होत्या. कलाकार कुणी नव्हतं. उपशीर्षकं नव्हती. वर्णनं नव्हती.

कारण मीच. बॅकअपमधून काय वगळायचं त्याची यादी मी माझ्या स्वतःच्या सर्व्हरवरून जशीच्या तशी आणली होती. माझ्याकडे सिनेमे आहेत. त्यांच्या एनएफओ आणि उपशीर्षकांच्या फाईली इंटरनेटवरून पुन्हा येतात, म्हणून त्या वगळलेल्या. काकूंच्या घरच्या त्याच नावाच्या फाईली कुठून परत येणार होत्या? मूळ सर्व्हरवर सगळं शाबूत होतं म्हणून निभावलं. यादीतल्या दोन ओळी पुसल्या, बॅकअप पुन्हा घेतला. किती भर पडली ते बघितलं : सात एमबी. पाच महिन्यांच्या दुपारी.

ताईची डिस्क गणपतीत बडोद्याला आली तेव्हा नवी प्रत तिच्याबरोबर पाठवली. काकूंना हे सगळं सांगितलं नाही. काकांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “वहीसुद्धा मी खालीच ठेवली होती ना.”

‘ओळखायच्या’ नावाच्या फोल्डरमध्ये अजून ११ कॅसेटी आहेत. त्यांतली ‘खासगी ४७’ सगळ्यांना माहीत आहे. जात्याची घरघर, एक बाई गातेय, मध्येच कुत्रं भुंकतं आणि ती हसते. सासूबाई नव्हेत, हे काकू ठामपणे सांगतात. काकांना कधी, कुठे टेप केलं ते आठवत नाही. परवा काकू म्हणाल्या की हेच हसू त्यांनी कुठल्यातरी बारशाच्या व्हिडिओत मागे ऐकलं आहे. बारशी चार आहेत. दिवाळीत ताई आली की चारही लावून बघायची.